काजूचा भाव मागणाऱ्यांनो, मजुरीचं काय?

काजूबीचा भाव पडला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत एकच बोंब : आफ्रिकेच्या मालानं मारलं! बागायतदार बोंबलतो, पुढारी मान डोलावतो आणि मुंबईत बसलेली आपली पोरंही तेच घोकतात. दोस्तहो, त्या आफ्रिकेच्या काजूचा हिशोब आधी बघा.

जगातली निम्म्याहून जास्त काजूबी आफ्रिकेत पिकते. बहुतेक सगळी कच्चीच गोणीत भरून भारतात नि व्हिएतनामात येते. २०१८ सालचा युनोच्या व्यापार परिषदेचा आकडा आहे : आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला मिळाला त्याच्या साडेतीनपट भावानं भारतातून गर युरोपात गेला. तिथं भाजून, मीठ लावून साडेआठपट झाला. पिकवणाऱ्याला एकपट, मीठ लावणाऱ्याला वरचे पाचपट! आणि आपण शिव्या घालतो त्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेल्या काळ्या भावाला.

हा खेळ जुना आहे. १९५० च्या सुमारास राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी ब्रिटनच्या व्यापाराचे आकडे उकरले. १८७६-८० मध्ये जेवढा कच्चा माल देऊन शंभर नग कारखानी माल मिळायचा, तेवढाच देऊन १९३६-३८ मध्ये चौसष्टच मिळत होते. का? यंत्र सुधारलं की श्रीमंत देशात फायदा मालकाच्या नफ्यात नि युनियनच्या पगारात राहतो. गरीब देशात मजूर ढिगानं पडलेला, युनियन नाही. तिथं फायदा भाव उतरून परदेशी गिऱ्हाइकाच्या घशात जातो. २००० नंतर चीनच्या मागणीनं भाव चढले तेव्हा पंडितांनी प्रेबिशला पुरायला खड्डा खणला होता. २०१४ नंतर भाव कोसळले, खड्डा तसाच राहिला.

प्रेबिश केंद्र आणि परीघ म्हणतो. आपल्याला त्यासाठी अर्जेंटिनाला जायला नको. गाव आणि गावकुसाबाहेरचा वाडा, हेच ते. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त. पण तिथं धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून आपल्या माणसांना दार बंद. चार पैसे जास्तीचं काम कुणी करायचं हे मशीन ठरवत नव्हतं, जात ठरवत होती. परिघालाही स्वतःचा परीघ असतो, हे मात्र प्रेबिशच्या चोपड्या वाचणारे आपले विद्वान सांगत नाहीत.

१९६८ च्या फेब्रुवारीत त्याच व्यापार परिषदेचं दुसरं अधिवेशन दिल्लीत भरलं. गरीब देश म्हणाले, आमच्या मालाला रास्त भाव द्या. बरोबरच होतं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तंजावरच्या किळवेनमणीत, भाताच्या मजुरीत वाढ मागणाऱ्या दलितांची ४४ माणसं, बहुतेक बायका-पोरं, झोपडीत जाळली. देशानं भाव मागितला तर भाषण, मजुरानं मागितला तर काडी!

बाबासाहेबांनी १९२३ मध्येच रुपयावरच्या ग्रंथात ही गोम पकडली होती. रुपया घसरला की निर्यात फोफावते, पण महागाईमागं मजुरी लंगडत येते. निर्यातदाराचा फायदा मजुराच्या ताटातून काढलेला असतो. हेच बाबासाहेब एप्रिल १९२९ मध्ये चिपळुणात परिषदेला आले, खोतीवर तुटून पडले. १९३७ मध्ये खोती मोडायचं बिल आणलं. भाव आणि जमीन हे त्यांच्या लेखी दोन प्रश्न नव्हते.

आजचं बघा. २०२४ च्या हंगामाला सरकारनं काजूबीवर किलोमागं १० रुपये अनुदान जाहीर केलं. कुणाला? सातबाऱ्यावर काजू असणाऱ्याला. टरफलाच्या तेलानं जिचे हात सोलून निघतात, राख चोळून जी दिवसभर बी फोडते, तिचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर? भाव चढला तेव्हा तिची मजुरी चढली नाही. पडला की पहिली कात्री तिलाच.

हमीभावाच्या मोर्चाला बोलवताय? येऊ. पण पुढचा फलक आमचा असेल, आणि त्यावर लिहिलेलं असेल : फोडणारणीला किलोमागं किती, ते आधी बोला!