दवाखान्याच्या इतिहासांत आमच्या बाया कोठें?

लातूरचें विवेकानंद रुग्णालय १९६६ सालीं निघालें. तेव्हां लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यांतला नुसता तालुका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तेथें २००२ सालीं आलें. शिकूनसवरून तालुक्याच्या गांवीं येऊन राहिलेल्या डॉक्टरांचे उपकार रयत विसरणार नाहीं. त्यांपैकीं डॉक्टर अशोक कुकडे यांस २०१९ सालीं पद्मभूषण मिळालें, तें योग्यच झालें.

पण रात्रीं अडलेल्या बाईस लातूर किती कोस, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. तो जामखेडास आरोळे दांपत्यानें १९७० पासून सोडवून दाखविला. त्यांनीं खेड्यांतल्याच बाया निवडून शिकविल्या. पुष्कळ निरक्षर, कित्येक अस्पृश्य मानलेल्या जातींच्या. ज्यांच्या हातचें पाणी चालत नव्हतें, त्यांच्याच हातीं गांवानें आपलीं लेंकरें दिलीं!

पुढें २००५ सालीं सरकारानेंही गांवोगांव 'आशा' नेमण्याची योजना काढली, पण तिला नोकर न म्हणतां स्वयंसेविका म्हटलें. आम्हां मास्तरांस कोणी स्वयंसेवक म्हणून पाहावें बरें! फळ्यापुढें उभा राहणाऱ्यास पगार, आणि बाळंतिणीबरोबर रात्रीं गाडींत बसणारीस मानधन व कामापुरता मोबदला; हा न्याय कोणत्या शास्त्रांतला? २०२३ सालीं त्यांस संप करावा लागला. लातूर-नांदेडच्या ग्रामसभांनीं, आशेस कायम नोकरींत घ्या, असा ठराव करून सरकारास धाडावा.