रात्रपाळीचे वाढते वजन

चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पहाटे कारखान्यांच्या बस फाटकाबाहेर पडतात, तेव्हा बाकीचे शहर जागे होत असते. फिरत्या पाळीचा कामगार या आठवड्यात सकाळी सातला यंत्रासमोर उभा असतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी घरी झोपायला निघालेला असतो. वजन वाढले म्हणून तो दवाखान्यात गेला, की ठरलेला सल्ला मिळतो : रात्री लवकर जेवा, वेळेवर झोपा, सकाळी फिरायला जा. सल्ला चुकीचा नाही. मात्र तो दिवसा काम करणाऱ्या माणसासाठी आहे.

या प्रश्नाकडे आता अधिक गांभीर्याने पाहण्याचे कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. महिलांना त्यांच्या संमतीने रात्री काम करण्याची मुभा मिळाली. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करण्याची तरतूदही झाली. म्हणजे रात्रपाळीचा परीघ वाढणार आणि तिच्या परिणामांची नोंदही होणार. त्या नोंदीचा अर्थ कसा लावायचा, हा खरा प्रश्न आहे.

शरीरातील घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, याच्या शोधासाठी २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले. हे घड्याळ पाळीच्या तक्त्याप्रमाणे दर आठवड्याला बदलत नाही. कोलोरॅडो विद्यापीठातील १४ निरोगी व्यक्तींवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रात्रपाळीच्या दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी शरीराने खर्च केलेली ऊर्जा सुमारे ३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अमेरिकेतच १९ जणांवर झालेला आणखी एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कृत्रिम रात्रपाळीत जे रात्रीही जेवले, त्यांच्या रक्तातील साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी फक्त दिवसा जेवण घेतले, त्यांच्यात लक्षणीय वाढ आढळली नाही. हे प्रयोग लहान होते आणि दुसऱ्यात वजन नव्हे, तर साखर मोजली होती. तरीही त्यांचा रोख स्पष्ट आहे. किती खाल्ले याइतकेच केव्हा खाल्ले, यालाही महत्त्व आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, ती वेगळीच.

अर्थात, म्हणून कामगाराच्या हाती काहीच उरत नाही, असे नव्हे. मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी घ्यावे आणि मध्यरात्रीनंतर भूक लागलीच तर ताक, फुटाणे, उसळ असे हलके खावे, हे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. रात्रभरात पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, असा हिशेब केला तर केवळ चहातून ४० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. पहाटे चहा थांबवला, तर घरी परतल्यावर झोपही लागते. वजनाची तुलना एका पाळीच्या दुसऱ्या पाळीशी न करता महिन्याने त्याच पाळीत, झोपून उठल्यावर करावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

परंतु सारा भार कामगाराच्या निग्रहावर टाकणे अन्यायाचे आहे. पहाटे तीन वाजता उपाहारगृहात वडा आणि गोड चहाच मिळत असेल, तर निग्रह कशाच्या जोरावर करायचा? शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना उपाहारगृह सक्तीचे करता येते. तेथे रात्री काय शिजते, हेही तपासता आले पाहिजे. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा ठेवला, तर शरीराला जुळवून घेणे तुलनेने सोपे जाते. त्यासाठी खर्च लागत नाही, तक्ता नीट आखावा लागतो. दुसरीकडे, कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १२ तास करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. बारा तास काम आणि दोन तास प्रवास धरला, तर उरलेल्या दहा तासांत स्वयंपाक, मुले, घर आणि झोप बसवायची आहे. अशा दिवसात व्यायामाला जागा कोठे?

वार्षिक तपासणीत कामगाराचे वजन आणि रक्तातील साखर लिहिली जाईल. त्याच कागदावर वर्षभरात त्याने किती रात्रपाळ्या केल्या, हा एक रकाना वाढवावा. तो नसेल, तर वाढलेले वजन हा कामगाराचा आळस ठरेल आणि पाळ्यांचा तक्ता आखणाऱ्याला कोणीच काही विचारणार नाही.