घोरपड ही शेताची वैरीण नव्हे

आपल्या वणी-दिंडोरीकडे शेतांत घोरपड दिसली कीं काठ्या घेऊन तिच्यामागें धांवणारे लोक अद्याप आहेत. कोणी मांसासाठीं, कोणी सांध्यांच्या तेलासाठीं, तर कोणी केवळ भयानें तिला मारतो. आमच्या मतें हें शेतकऱ्याच्या हिताचें नाहीं.

तिची शिकारीची रीत पाहावी. दिवसा ती बांधाबांधानें हिंडते व दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढून वास टिपते. टाळूंतील इंद्रियास तो पोंचला म्हणजे भक्ष्य कोणत्या बाजूस आहे हें तिला कळतें. मग बळकट नखांनीं जमीन उकरून उंदीर, भुंगेरे, अळ्या, खेकडे व अंडीं ती फस्त करते. इंडोनेशियांतील कोमोडो बेटावरील तिच्याच कुळांतला प्रचंड प्राणी दबा धरून हरणें मारतो. त्याच्या जबड्यांत विषग्रंथि असल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. आपली घोरपड मात्र मनुष्याच्या वाटेस जात नाहीं. कोंडींत सांपडली तरच शेपटीचा फटकारा मारते वा चावते.

ती कोंबड्यांचीं अंडीं खाते, हा आक्षेप खरा. पण त्यास खुराड्याची जाळी पुरे. उंदरांसाठीं विष विकत आणावयाचें आणि उंदीर खाणारीस मारावयाचें, हा कोणता हिशेब? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत तिचें नांव असून शिकारीस किमान तीन वर्षांची कैद आहे.

सातबाऱ्यावर तिचा हक्क नोंदलेला नसला, तरी बांधावरील तिचें बीळ शेतकरी बंधूंनीं मोडूं नये. घरांत शिरल्यास वनखात्यास कळवावें.