यंत्रांतील फेरफार आणि हिरवी तार

पुष्कळ वाचकांच्या घरीं एखादा तरी मुलगा असा असतो कीं, त्याच्या खोलींत केर काढतांना तारा, स्क्रू आणि रेडिओचीं उघडीं पोटें सांभाळावीं लागतात. आमच्या घरीं तो मान थोरल्या नातवाचा. तो तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षांत शिकतो. गेल्या श्रावणांत त्यानें शिकवण्या करून जमविलेले चार हजार रुपये खर्चून एक जुना ऑसिलोस्कोप घरीं आणिला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरांत ज्या प्रश्नाची चर्चा चालली तो आज वाचकांपुढें ठेवीत आहों. प्रश्न असा कीं, विकत घेतलेल्या यंत्रांत आपण फेरफार करावा कीं नाहीं ?

हें यंत्र काय करितें तें आम्ही नातवाकडूनच शिकलों. व्होल्टमीटर विजेचा दाब एका आंकड्यांत सांगतो. ऑसिलोस्कोप तोच दाब क्षणोक्षणीं कसा चढतो व उतरतो याचें चित्र काढून दाखवितो. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर, मीटरावरून लहरीच्या आकाराचें केवळ अनुमान होतें, येथें तो आकार प्रत्यक्ष होतो. याचें मूळ जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनीं १८९७ सालीं तयार केलेल्या नळींत आहे. निर्वात नळींत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ठिपका उमटवितो आणि विजेच्या दाबानें तो ठिपका हलतो. नव्या यंत्रांतून ही नळी गेली. दाबाचे नमुने सेकंदास कोट्यवधि वेळां मोजून त्या आंकड्यांवरून तीं चित्र काढतात.

नातवाचें यंत्र नळीचें, दोन वाटांचें आणि २० मेगाहर्ट्झचें आहे. घेतांना त्यानें दुकानांतच तें अर्धा तास चालवून पाहिलें. रेघ बारीक व स्थिर आहे काय, पडद्यावर जळका डाग आहे काय, प्रत्येक खुंटी फिरवितांना रेघ उडते काय, हें त्यानें तपासलें. यंत्राच्या तोंडावर चौकोनी लहर देणारी एक कडी असते. तिला दोन्ही वाटांचे प्रोब लावून लहरीचे कोपरे काटकोनी दिसतात कीं नाहींत, हेंही पाहिलें. जुनें यंत्र घेणाऱ्यानें एवढें अवश्य करावें.

परंतु हौसेला तृप्ति कोठून असणार ! दिवाळीच्या सुमारास तो म्हणाला, "आजोबा, पुढच्या वर्षीं मी नवें यंत्र घेईन तें स्वस्तांतलें घेईन, आणि घरीं त्याचें महाग यंत्र करीन." आम्ही चमकलों. तेव्हां त्यानें हकीकत सांगितली ती अशी : रिगोल नांवाच्या चिनी कारखान्याचीं डीएस१०५२ई आणि डीएस११०२ई अशीं दोन यंत्रें होतीं. पहिलें ५० मेगाहर्ट्झचें, दुसरें १०० चें व अर्थातच अधिक किंमतीचें. २०१० सालीं हौशी लोकांच्या ध्यानांत आलें कीं, दोहोंची आंतील घडण एकच आहे. स्वस्त यंत्रास केवळ बांध घातलेला आहे. संगणकावरून कांहीं आज्ञा धाडतांच तो बांध सुटे आणि यंत्र स्वतःचें नांवही बदलून सांगे. हा लाभ कांहीं लहानसहान नव्हे. ५० मेगाहर्ट्झच्या यंत्रास त्या सीमेवरची १० व्होल्टची लहर सुमारें ७ व्होल्टचीच दिसते. आणि सेकंदाच्या अब्जांशाचे सुमारें ७ भाग होईपर्यंत त्याची रेघ वर चढत नाहीं. १०० मेगाहर्ट्झच्या यंत्राची रेघ साडेतीन भागांत चढते.

आम्हांस ही सरळ चोरी वाटली. "ज्याचें मोल दिलें नाहीं तें घेणें म्हणजे काय ?" असें म्हणून आम्हीं अर्धा तास प्रवचन झोडलें. नातू शांतपणें म्हणाला, "आजोबा, पेटी मी पुरी विकत घेतली. तिच्यांतला एकही भाग मी कारखान्यांतून उचलून आणिला नाहीं. माझीच पेटी मी उघडली तर चोरी कोणाची केली ?" यास आमच्याजवळ चटकन् उत्तर नव्हतें. तांबड्या फुलाजवळचा स्फटिक तांबडा दिसतो, फूल दूर केलें कीं तो मूळचा शुभ्रच असतो. वेदान्त शिकवितांना हा उपाधीचा दृष्टान्त आम्हींच अनेक वेळां दिला आहे! अखेर तडजोड अशी ठरली : आपल्या अभ्यासासाठीं आपल्या मेजावर, कारखान्याच्या हमीवर पाणी सोडून, असा फेरफार करणाऱ्यास आम्ही चोर म्हणणार नाहीं, पण तेंच यंत्र महाग नांवानें दुसऱ्यास विकणें ही निखालस फसवणूक होय.

असा न्यायनिवाडा करून आम्ही प्रसन्न मनानें झोपलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुनबाई धावत आल्या. "मामंजी, त्या पेटीवरची धूळ पुसत होतें, तों हाताला झिणझिण्या आल्या !" नातवास विचारतां त्याचा चेहरा उतरला. आठ दिवसांपूर्वीं एका एलईडी दिव्याच्या आंतील मंडलास त्यानें प्रोबची काळी चिमटी लावली होती, तोंच घरांतील वीज गेली. ती चिमटी यंत्राच्या धातूच्या पेटीस व तिच्या द्वारें जमिनीस जोडलेली असते. दिव्याचें मंडल तर थेट घरच्या विजेवर चालणारें. कोणा मित्रानें तोड सांगितली, "प्लगमधील हिरवी तार सोडव." त्यानें ती सोडविली ! तेव्हांपासून पेटीला जमिनीचा आधार राहिला नव्हता, आणि भिंतीवरचें बटण त्या सकाळीं चालूच होतें. यंत्राच्या आंतील गाळणींतून पाझरणारी थोडीशी वीज पेटीवर येत होती. तिच्याच त्या झिणझिण्या. चिमटी त्या वेळीं दिव्यास लावलेली असती, तर त्या मंडलाचा सारा दाब पेटीवर आला असता. २३० व्होल्टची वीज प्रत्येक फेऱ्यांत ३२५ व्होल्टपर्यंत चढते. पुढचें लिहावयास आमचा हात धजत नाहीं.

आम्ही मुलावर रागावलों नाहीं. रागवावयाचें तर स्वतःवर होतें. कारखान्याचा हक्क किती, याचा कीस आम्हीं अर्धा तास काढिला. त्याच मेजावर घरच्या माणसांच्या जिवाची तार सुटलेली होती, ती आमच्या दृष्टीस पडली नाहीं. यंत्राचा बांध सोडला तर फार तर यंत्र बिघडतें. हिरवी तार सोडली तर ज्यानें फेरफार केला त्यालाच नव्हे, तर ज्याला कांहींच ठाऊक नाहीं अशा केर काढणाऱ्या माणसालाही त्याचें प्रायश्चित्त मिळतें.

योग्य मार्ग नातवानें नंतर आपल्या शिक्षकांस विचारून आणिला. काळ्या चिमट्या मोकळ्या ठेवून, दोन वाटांचे दोन प्रोब मंडलांतील दोन बिंदूंस लावावे. दुसरी वाट उलटी करून दोहोंची बेरीज दाखविणारी कळ दाबावी, म्हणजे पडद्यावर फरक दिसतो. मात्र प्रोब तेवढा दाब सोसणारे असावे. घरच्या विजेची लहरच पाहावयाची असेल तर लहान ट्रान्सफॉर्मरनें ती १२ व्होल्टवर आणून पाहावी. नवशिक्यानें तर बॅटरीवर चालणाऱ्या मंडलांपलीकडे जाऊंच नये. नळीच्या यंत्राची पेटी उघडण्याचाही मोह आवरावा. आंत हजारों व्होल्टचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कांहीं काळ टिकतो.

हिरवी तार आतां पुन्हां आपल्या जागीं आहे. ती नातवानें आमच्यादेखत बसविली, आणि सुनबाईंनीं प्लगाचा स्क्रू स्वतःच्या हातानें आवळला. नवें यंत्र पुढच्या वर्षीं येईल. त्याचा बांध सोडावा कीं नाहीं, हें त्यानें खुशाल ठरवावें. आमची अट एकच : ज्या फेरफाराची झळ दुसऱ्यास लागूं शकते, तो करण्यापूर्वीं घरांत सर्वांना सांगावयाचा.