येळवस की मे महिना?

"येळवसला येणार का रे?" डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या लातूर-धाराशिवकडच्या घरांत हा फोन येतोच. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, शेतात साजरा होणारा सण. उत्तरही ठरलेलं असतं. "आई, पोरांची शाळा आहे गं. मे महिन्यात पाठवतो, चांगली महिनाभर राहतील." हे दोघांनाही पटतं. आईला एका दिवसाऐवजी महिना मिळतो, मुलाची रजा वाचते, नातवंडांची शाळा बुडत नाही. मे महिना आणि गाव ही जोडी आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिचा कोणी फेरविचार करत नाही. तो करायला हवा, असं मला वाटतं. निदान ज्यांच्या घरात तीन ते आठ वर्षांची मुलं आहेत आणि ज्यांचे आईवडील अजून शेतीत आहेत, त्यांनी तरी.

मे महिन्यातलं लातूरकडचं रान आधी डोळ्यांसमोर आणा. रब्बी निघालेली, काळी माती भेगाळलेली, नांगरट झाली असेल तर ढेकळांतून पाऊल टाकणं मुश्किल. पारा चाळिशीच्या पुढे. दहा वाजल्यानंतर मोठी माणसंही बाहेर पडत नाहीत, तिथे चार वर्षांचं पोर काय पडणार? ते दिवसभर कूलरसमोर बसतं, हातात मोबाइल येतो आणि शेत राहतं खिडकीबाहेर. शिवाय पाण्याचा प्रश्न. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. प्रत्येक वर्ष तसं नसतं, पण टँकरच्या गावात हंडे मोजून भरणाऱ्या घरी शहरातली चार माणसं महिनाभर उतरली, तर त्यांच्या रोजच्या दोन आंघोळींचा हिशेब कोणीतरी मनात मांडत असतंच. पाहुण्याला तो बोलून दाखवायची पद्धत नाही, एवढंच.

तरीही मे महिन्याच्या बाजूने एक गोष्ट फार भक्कम आहे, आणि ती म्हणजे मुक्काम. एका दिवसात आजोबांशी ओळखही होत नाही. पहिले दोन दिवस लाजण्यात, पुढचे दोन घरच्या आठवणीत जातात. आठवड्यानंतर कुठे पोर आजोबांच्या मागे गोठ्यात जायला लागतं, गावच्या पोरांसारखं बोलायला लागतं, कंटाळा आला तर स्वतःच काहीतरी खेळ शोधतं. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी आज चाळिशीत आहे. तिला मे महिना सोडवत नाही त्यामागे हेच आहे, आणि ते नुसतं आठवणींचं कौतुक नाही. महिनाभराच्या सहवासातून जे येतं ते चार दिवसांच्या पाहुणचारातून येत नाही, हे मान्यच करावं लागेल.

मात्र पूर्वी तो महिना सांभाळायचे कोण? घरात काकू होत्या, लग्न न झालेली आत्या होती, बारा-चौदा वर्षांची चुलत भावंडं होती, शेतावर सालगडी आणि त्याचं कुटुंब होतं. लहान पोरावर कोणा एकाची नजर ठेवावी लागत नव्हती, कारण सगळ्यांचीच असायची. ते घर आता बहुतेक ठिकाणी उरलेलं नाही. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. वाटण्या झाल्या, भावंडं पांगली, म्हणूनच तर मुलगा पुण्यात आहे. गावाकडे राहिली दोन म्हातारी माणसं, गुडघे धरून बसणारी आई आणि सकाळी मोटार चालू करायला जाणारे वडील. महिनाभर दोन नातवंडं त्यांच्या स्वाधीन करायची ही प्रथा ज्या घरासाठी घडली, ते घर मोडलं. प्रथा मात्र आपण तशीच चालवतो आहोत.

आणि धोके वाढलेत, कमी झालेले नाहीत. जुन्या विहिरीला कठडा नसायचा हे खरं, पण तिला निदान पायऱ्या असायच्या. आता जागोजाग शेततळी आहेत. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यावर ती आणखी वाढली. प्लॅस्टिकचं अस्तर टाकलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, हाताला धरायला काहीच लागत नाही. भोवती जाळीचं कुंपण आणि आत बांधून सोडलेला दोर या दोन गोष्टी नसतील, तर त्या शेतात लहान मूल मोकळं सोडू नये. हे मे महिन्यालाही लागू आणि डिसेंबरलाही. साप तसेच. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते तेव्हा पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून मुलांना बाजेवर किंवा पलंगावर झोपवायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, आणि प्रतिविषाची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात असते हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर ती एकच लस चालते. हिवाळ्यात साप नसतात असं म्हणणाऱ्याला घोणस ठाऊक नसते.

आता डिसेंबरकडे येऊ. वेळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. लातूर-धाराशिवमध्ये हा सण दिवाळीच्या तोडीचा, शेजारच्या नांदेड, बीड, सोलापूरच्या काही भागांतही तो होतो. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, कारण सगळं गणगोत शेतात असतं. कडब्याची कोप उभी करतात, आत पाच पांडव मांडून पूजा होते. जेवणात भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हरभरा, तूर, वाटाणा आणि पालेभाज्या बेसनाच्या पिठात शिजवलेला तो एक अप्रतिम काला असतो, आणि पुण्यात कितीही प्रयत्न केले तरी तो जमत नाही. रान त्या वेळी भरलेलं असतं. तुरीला शेंगा, बांधावर बोरं, सकाळी हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट दव. त्या पानांवरून हात फिरवून बोट चाटलेलं पोर तोंड वाकडं करतं आणि पुन्हा चाटतं. बाहेर हिंडता येईल अशी हवा असते. पेरणीची घाई संपलेली, सोयाबीन घरात आलेलं, त्यामुळे आजोबांनाही सवड असते. शेत म्हणजे काय हे लहान मुलाला एका नजरेत कळावं असा याहून चांगला दिवस मला तरी माहीत नाही.

पण हे चित्रही तपासून पाहायला हवं. हरभरा आणि तूर या दोन्हींवर घाटेअळी पडते, आणि फवारणीचा हंगाम नेमका याच सुमाराचा. ज्या आंबेचं मी आत्ता कौतुक केलं तिच्यात काल मारलेलं औषध असू शकतं. तेव्हा रानात पाय ठेवण्यापूर्वी आजोबांना पहिला प्रश्न हा की शेवटची फवारणी कधी झाली. किती दिवस थांबायचं ते औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. शेतातल्या आखाड्यावर ठेवलेले डबे, रिकाम्या बाटल्या, पंप मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे कुलपात हवेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ती रोज औषध हाताळणारी मोठी माणसं होती.

दुसरी अडचण सुनेची. येळवसचा सगळा रांधप आदल्या रात्री उशिरापर्यंत चालतो. नवरा आणि मुलं शेतात मजा करणार आणि ती रात्रभर उंडे वळणार असेल, तर तिने "मे महिन्यातच जाऊ" म्हटलं तर तिचं काय चुकलं? मे महिन्यात तिला निदान माहेरी तरी जाता येतं. पुरुषांनी भज्जीसाठी शेंगा सोलायला आणि पाट्या शेतात न्यायला हात लावला नाही, तर डिसेंबरच्या बाजूने मी मांडलेलं अर्धं म्हणणं तिथेच गळून पडतं.

माझा कौल तरीही डिसेंबरला आहे, आठ वर्षांखालच्या मुलांसाठी. मात्र एका दिवसाचा नव्हे, चार-पाच दिवसांचा, आणि आईबापांसह. पुण्याहून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर जाऊन दुसऱ्या दिवशी परतणं म्हणजे सहल झाली. मे महिना दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी राखून ठेवावा. ते पोहू शकतं, उन्हाचं त्याला सांगता येतं, आणि आजीच्या मदतीलाही येतं. मुक्कामाचा जो फायदा आधी मान्य केला, तो तेव्हा त्याला पुरेपूर मिळेल. चार वर्षांच्या मुलाला महिनाभराच्या मुक्कामातलं पुढे फारसं आठवणारही नाही. ज्यांचं शेतच नाही किंवा विकलं गेलं, त्यांच्यासाठी कृषी पर्यटन केंद्रं आहेत, राज्याने २०२० मध्ये त्यासाठी धोरणही केलं. तिथे पीक दिसेल, आजोबा मिळणार नाहीत.

राहिली शाळा. लातूर जिल्ह्यात येळवसला स्थानिक सुट्टी मिळते, पुण्यात नाही. शिवाय तिथी सरकते. २०२४ मध्ये अमावस्या ३० डिसेंबरला होती, नाताळच्या सुट्टीत अलगद बसली. २०२५ मध्ये ती १९ तारखेला आली आणि बसली नाही. अशा वर्षी दोन वाटा उरतात. पहिली-दुसरीच्या मुलाची दोन दिवस शाळा बुडवावी, त्याने काही बिघडत नाही. ते नको असेल तर सण सोडून नाताळच्या आठवड्यात जावं. पांडव आणि कोप चुकतील, पण तूर, बोरं आणि आजोबांची सवड तेव्हाही तशीच असते, आणि सुनेची रात्रही वाचते.