सागवानी फरशी घेताय? आधी कोळशाची चिमूट लावून बघा

टाईल्सच्या दुकानात उभ्या करून ठेवलेल्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या विट्रिफाइड टाईलच्या नमुन्यावर हात फिरवला की सागाच्या फळीवरूनच फिरतोय असं वाटतं. गाठी, रेषा, मधेच फिकट होत गेलेला रंग, सगळं हुबेहूब. आपल्या खाणीच्या गावात, राजुरात, तुमचं नवं घर उभं राहत असेल, किंवा जुन्या घरातली शहाबादी काढून अशी फरशी घालायचा विचार चालला असेल, तर जरूर घाला. पण पैसे मोजण्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या. फरशी एकदा बसली की वीस-पंचवीस वर्षं तिच्यावरच वावरायचं असतं.

आपला भाग सागाचा. जुन्या घरांत चौकटी सागाच्या, खांब सागाचे, आणि खाली मात्र शेणाने सारवलेली भुई. जमिनीला टेकलेल्या लाकडाला उधळी सोडत नाही आणि पावसाळ्यात ते फुगतं, हे तेव्हाच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. आजही तळमजल्यावर खऱ्या लाकडाच्या किंवा लॅमिनेटच्या पट्ट्या घालू नका. ओल लागली की त्यांच्या कडा उचलतात. विट्रिफाइड टाईलला ना उधळी लागते ना पाणी. ती अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. एवढंच लक्षात ठेवा की पायाला ती दगडासारखीच लागणार: उन्हाळ्यात गार, आणि डिसेंबरात चांगलीच थंड.

आता राजूरची खरी अडचण. आपल्याकडे दोन धुळी आहेत, कोळशाची काळी आणि चुनाभट्ट्यांची पांढरी. पुण्या-मुंबईच्या फोटोत शोभणारी गडद कॉफी रंगाची फरशी इथे सकाळी पुसली तरी दुपारी पांढरी दिसते. फिकट राखाडी घेतली तर पावलांचे काळे ठसे उमटतात. मधला सागवानी किंवा गव्हाळ रंग दोन्ही धुळी पोटात घेतो. रंगापेक्षाही महत्त्वाच्या आहेत त्या रेषा. काही टाईल्सवर लाकडाच्या रेषा खोलवर कोरलेल्या असतात. दिसायला त्या सुरेख, पण त्या खाचांत बसलेली कोळशाची भुकटी फडक्याने निघत नाही, ब्रशने घासावी लागते. ते घासणं घरातल्या कोणाच्या कंबरेवर पडणार, हे खरेदीला जाणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं. म्हणून दुकानदाराकडून एक नमुना घरी आणा. त्यावर कोळशाची ओली चिमूट चोळा, वाळू द्या, मग एकदाच ओल्या फडक्याने पुसा. डाग गेला तर ती टाईल तुमची. रेषा हाताला जेमतेम लागतील अशी मॅट टाईल बहुधा या परीक्षेत उतरते. चकचकीत घेऊ नका. घरात म्हातारी माणसं असतील तर मुळीच नको. सांडलेल्या पाण्यावर पाय सरकायला क्षण पुरतो.

या पट्ट्या आठ इंचांहून किंचित कमी रुंद आणि चार फुटांहून किंचित कमी लांब येतात. एक पट्टी म्हणजे सुमारे २.५८ चौरस फूट. १० बाय १२ च्या खोलीला ४७ पट्ट्या लागतात. कापण्यात जाणाऱ्या धरून ५२ घ्या. सगळ्या डब्यांवर एकच बॅच नंबर आहे ना, ते स्वतः वाचा. नाव तेच असलं तरी पुढच्या बॅचचा रंग थोडा वेगळा निघतो. बसवताना चार-पाच डबे एकदम फोडून पट्ट्या मिसळायला सांगा, नाहीतर एकच गाठ शेजारी शेजारी चारदा दिसते आणि लाकडाचा भास तिथेच संपतो.

लांब टाईल भाजताना किंचित वाकते, आणि हा वाक मधोमध सर्वांत जास्त असतो. दोन पट्ट्या तोंडाला तोंड लावून धरा, फट दिसेल. अशा पट्ट्या विटांसारख्या अर्ध्यावर अर्धी लावल्या की एकीचा उंच मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशी येतो. आमच्या घरी हेच झालं. मिस्त्रीला काही सांगितलं नाही, आणि आज अनवाणी चालताना प्रत्येक सांध्यावर बोटाला कड लागते. म्हणून सांधा एक तृतीयांशावर ठेवायला सांगा. मधे दोन-तीन मिलिमीटरची फटही हवी. ती पट्टीच्याच रंगाच्या ग्राउटने भरा. पांढरा ग्राउट महिन्याभरात काळा पडतो.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र फरशीच्या खाली असतो. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाची खोदलेली तीच माती जोत्यात भरून वर फरशी घातली, तर दोन पावसाळ्यांत ती कुठे उचलते, कुठे खचते, आणि चार फुटी पट्टीला तडा आधी जातो. भरावाला मुरूमच घाला. थराथराने पाणी मारून धुमसा, वर काँक्रीटचा थर द्या. या कामात पैसे वाचवायचे असतील तर त्यापेक्षा टाईल स्वस्तातली घ्या. साधा कोटाही चांगलाच दिसतो.

विट्रिफाइडची पाठ पाणी ओढत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही. टाईल अॅडेसिव्ह लागेल, आणि ते पाठीला सगळीकडे. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून बसवलेली पट्टी ठोकली की पोकळ वाजते, आणि जड कपाट तिथेच तिला फोडतं. न्हाणीघरात मात्र या लांब पट्ट्या नकोत. तिथे पाण्याला चारी बाजूंनी ढाळ द्यावा लागतो, तो फूटभर चौकोनी खरखरीत टाईल्सनाच साधतो.

आणि एक कळकळीची विनंती. ही टाईल कोरडी कापली की जो पांढरा धुरळा उडतो, त्यात सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही. धुळीने छाती कशी भरते हे खाणीच्या गावाला वेगळं सांगायला नको. मिस्त्री रोजंदारीचा माणूस, तो स्वतःहून मागणार नाही. कापणं अंगणात ठेवा, पात्यावर पाण्याची धार सोडायला एक माणूस उभा करा, मास्क तुम्हीच आणून द्या, आणि कापणं चालू असेपर्यंत घरातली लेकरं शेजारी पाठवा.