‘हे तर भाषण झाले’

करमाळ्याला रेल्वे नाही. पुणे–सोलापूर लोहमार्गाने येणारा प्रवासी जेऊरला उतरतो आणि एस.टी.ने किंवा मिळेल त्या वाहनाने पुढे तालुक्यात शिरतो. काही वर्षांपूर्वी असाच जेऊरला उतरून मी त्या भागातील एका विद्यालयात वक्तृत्वस्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता ‘वाचाल तर वाचाल’. वीस-बावीस मुलांनी ‘अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथपासून आरंभ करून जवळजवळ एकच भाषण केले. मग उजनीच्या फुगवट्याकडच्या एका गावातील मुलगी उभी राहिली. दीड मिनिट तिने पाठ केलेले म्हटले, मध्येच थांबली, आणि आमच्याकडे वळून विचारले, ‘आमच्या गावात वाचनालय नाही. जुन्या गावात होते म्हणतात, ते गाव धरणात गेले. तर आम्ही वाचायचे कुठे? तुम्ही कोणी आमच्या गावाला आला आहात का?’ सभागृहात काही क्षण कोणी बोलले नाही. घंटा झाली, मुलगी खाली बसली.

परीक्षकांच्या खोलीत तिच्याविषयी जी चर्चा झाली, तिच्यातूनच हा लेख निघाला आहे. एका सहपरीक्षकाचे म्हणणे असे की, विषयांतर झाले. दुसऱ्यांचे असे की, श्रोत्यांना उलट प्रश्न विचारणे हा वक्त्याचा दोष होय. गुणपत्रकात उच्चार, हावभाव, विषयप्रतिपादन, वेळेचे भान असे रकाने होते; ‘खरे बोलणे’ असा रकाना नव्हता आणि तो असावा असेही माझे म्हणणे नाही. पण तिला उत्तेजनार्थदेखील बक्षीस मिळाले नाही, आणि त्या पत्रकावर माझीही सही आहे.

ही हकीकत वाङ्मयसमीक्षेच्या नियतकालिकात सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, त्या खोलीत वापरले गेलेले निकष शाळामास्तरांनी शोधून काढलेले नाहीत. ते आमच्याकडून, म्हणजे विद्यापीठीय मराठी समीक्षेकडून, खाली झिरपलेले आहेत. एखादी कविता, कादंबरी अथवा नाटक नापसंत ठरवायचे असले की आमच्यापाशी एक तयार वाक्य असते: ‘हे तर भाषण झाले.’ त्याची भावंडेही आहेत: ‘प्रचारकी’, ‘घोषणाबाजी’, ‘नुसता आक्रोश’. या शब्दांनी पुढील विश्लेषणाची गरजच संपते. कलाकृतीची स्वायत्तता हे मूल्य मर्ढेकरांनी ज्या तार्किक शिस्तीने मांडले, ती शिस्त पुढच्या पिढ्यांनी टिकवली नाही. स्वायत्ततेचा फक्त दरारा टिकवला. ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली ग्रंथरूपाने आले. त्यानंतरच्या दोन दशकांत बागुल, सुर्वे, ढसाळ यांचे लेखन आले, आणि तेव्हापासून ‘भाषण’ हा समीक्षाशब्द कुणासाठी राखून ठेवला गेला हे पाहण्यासारखे आहे.

कारण भाषणाला आमचा विरोध सरसकट कधीच नव्हता. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षांची भाषणे आम्ही संग्रहित करतो, त्यांवर प्रबंध लिहवून घेतो. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ ही मराठी गद्याची गंगोत्री मानतो. तिच्यात वक्तृत्वावरच एक निबंध आहे एवढेच नव्हे, तर तिची सगळी वाक्यरचना समोर बसलेल्या प्रतिपक्षाला उद्देशून केलेली आहे. उपरोध, प्रश्नमालिका, चढत जाणारी पदे ही सारी सभेतली आयुधे. तिथे आम्ही ‘शैली’ हा शब्द वापरतो. तीच आयुधे ‘गोलपिठा’त दिसली की शब्द बदलतो. सारांश, निषिद्ध ठरते ते भाषण नव्हे. काही बोलणारे निषिद्ध ठरतात, आणि वाङ्मयप्रकाराचे नाव पुढे करून ती गोष्ट सभ्यपणे उरकली जाते. शरच्चंद्र मुक्तिबोधांपासून शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) पर्यंत या निकषांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. लिंबाळे हे आमच्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्याचे. तथापि त्या वादातही बचाव बहुधा असाच झाला की, ‘हे भाषण नाही, ही कविताच आहे.’ हा बचाव मला चुकीचा वाटतो. त्यात भाषण हीन आहे हे आधीच कबूल केलेले असते.

मराठीत उघड्यावर उभे राहून मत मांडण्याची परंपरा आम्ही समजतो त्याहून जुनी आणि पुष्कळ अधिक आडदांड आहे. लंडनच्या हाइड पार्कातल्या वक्त्यांच्या कोपऱ्याचे कौतुक आमच्या इंग्रजी शिकलेल्या वर्गाला फार. तिथल्या सभांना कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते १८७२ च्या कायद्यानंतर. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत, मुंबईच्या समुद्रकाठी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. ना सभागृह, ना तिकीट, ना आभारप्रदर्शन. कोणीही यावे, प्रश्न विचारावा, उत्तर न पटल्यास पुन्हा विचारावे. त्या वादाचा वृत्तान्त पुढे ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. बुवांची सगळीच मते आज कोणाला मान्य होतील असे नाही. वेदप्रामाण्याची त्यांची बाजू तर मला मुळीच पटत नाही. परंतु हेच गृहस्थ पुढे ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ (१८६७) लिहितात आणि त्यात अवघ्या समाजाचे एक कुटुंब कल्पून सामायिक मालकीची मांडणी करतात. ती धिटाई त्या वाळूवरच्या तोंडी व्यवहारात घडली असावी, असा माझा तर्क आहे. तिथे वक्त्याला प्रतिपक्ष निवडून मिळत नव्हता आणि विषयही चिठ्ठीवर लिहून येत नव्हता.

यापुढची पायरी म्हणजे पुण्याची वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली ती सुरू झाली. तिने महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनासाठी जे केले ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. माझ्या पिढीतील अनेकांचे निम्मे शिक्षण गावोगावच्या व्याख्यानमालांत झालेले आहे. पण वाळूवरून सभागृहात येताना एक गोष्ट मागे राहिली. श्रोत्याचा उलट बोलण्याचा हक्क संकुचित झाला, आणि अध्यक्ष, परिचय, हार, समारोप अशी एक चौकट तयार झाली. शाळांतील वक्तृत्वस्पर्धा ही त्या चौकटीची लघुप्रत होय. तिच्यात आणखी एक भर पडली: मत स्वतःचे असण्याची गरजही उरली नाही. दिलेल्या बाजूने बोलायचे. उद्या उलट बाजू आली तर तिच्या बाजूने. याला मानसिक व्यायाम म्हणतात. व्यायाम खराच, फक्त या आखाड्यात कुस्ती कधी होत नाही.

उलट बोलण्याचा हक्क जिथे टिकला, तिथे मात्र समीक्षेचे लक्ष गेले नाही. गाडगेबाबांचे कीर्तन पाहा. पंढरपूरला, याच सोलापूर जिल्ह्यात, त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या कीर्तनाची घडण मात्र वाङ्मयप्रकार म्हणून क्वचितच तपासली जाते. बाबा सिद्धान्त सांगत नसत, प्रश्न विचारीत. देव कुठे आहे, कर्ज काढून सण का करता, मुलाला शाळेत का घालत नाही. समुदाय ओरडून उत्तर देई, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न बेतला जाई आणि श्रोता स्वतःच्याच तोंडच्या शब्दांत सापडे. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग मोडून त्यांनी जे उभे केले, ते कीर्तन की नाट्य की भाषण, हा प्रश्न काव्यशास्त्राला अडचणीचा आहे. म्हणून तो विचारलाच गेला नाही. त्या मुलीने आम्हांला प्रश्न विचारला तेव्हा ती नकळत याच घराण्याचे गाणे गात होती, आणि आम्ही त्याबद्दल तिचे गुण कापले.

सत्यशोधक जलसे, पुढे आंबेडकरी जलसे, १९४४ चे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक, ही याच प्रवाहाची पुढली वळणे. अमर शेख बार्शीचे. त्यांच्या गाण्यात भाषण कुठे संपते आणि गाणे कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, आणि ते सांगता न येणे हेच त्या प्रकाराचे शास्त्र आहे. आमच्या अभ्यासक्रमात मात्र त्यांच्या वाट्याला ‘शाहिरी वाङ्मय’ या शीर्षकाखालचा एखादा परिच्छेद येतो.

विलक्षण गोष्ट अशी की, जी एकता समीक्षेला दिसत नाही ती पोलीसखात्याला कधीपासून दिसते आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे (आता तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो) ३७ वे कलम पाहावे. जिल्ह्याजिल्ह्यांत निवडणुका, सण, आंदोलने आली की त्याखालचे मनाई आदेश वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या कलमात शस्त्रे आणि दगड बाळगण्याबरोबर सार्वजनिक घोषणा, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, आवेशपूर्ण भाषणे करणे, हावभाव व नकला करणे, चित्रे आणि फलक दाखवणे या सर्वांना ओळीने बसवलेले आहे. गीत, वक्तृत्व, अभिनय आणि चित्र यांचा परस्परसंबंध इतक्या नेमकेपणाने एका ठिकाणी मांडणारा मजकूर माझ्या तरी वाचनात दुसरा नाही. हा विनोद समजू नये. सोलापूर शहराने १९३० च्या मे महिन्यात लष्करी कायदा सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे व सारडा हे चौघे फासावर गेले. सार्वजनिक उच्चाराला सत्ता किती गंभीरपणे घेते हे या जिल्ह्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सभा जशी मुक्त करते तशी चेतवतेही. ध्वनिक्षेपकावरून द्वेष पसरवणाऱ्यांची आज वाण नाही. मग भाषणाला वाङ्मयाची प्रतिष्ठा देऊन झुंडीचे काम सोपे करायचे काय? याचे उत्तर जेऊरच्याच एका कलावंताच्या कृतीत सापडते. नागराज मंजुळे जेऊरचे. त्यांच्या ‘सैराट’चा (२०१६) आरंभ ध्वनिक्षेपकाने होतो: क्रिकेटच्या सामन्याचे गावरान समालोचन, आणि मग पुढाऱ्याचे भाषण. तात्या नावाचा तो पुढारी प्रतिस्पर्ध्याच्या घरातल्या स्त्रीवरून त्याची टिंगल करतो: ज्याला घरची बाई आवरत नाही तो तालुका काय आवरणार, अशा अर्थाची. श्रोते हसतात. चित्रपटातली पुढची सारी हिंसा त्या हशात आधीच येऊन बसली आहे, आणि शेवटी पडद्यावरचा आवाजच काढून घेतला जातो. भाषणापासून निःशब्दतेपर्यंतचा हा प्रवास वक्तृत्वाची मीमांसाच आहे. ‘फँड्री’त (२०१३) धरलेले डुक्कर वाहून नेले जाते ते आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांच्या चित्रांनी रंगवलेल्या भिंतीवरून; ज्यांनी आयुष्यभर भाषण केले ते भिंतीवर गप्प आहेत. आणि अखेरीस जब्याचा दगड थेट आपल्या दिशेने येतो. ‘ही घोषणा झाली, कला नव्हे’ असे म्हणण्याची मुभा जुन्या निकषांना इथेही आहेच.

तात्याचे भाषण आणि दुर्गा भागवतांचे कऱ्हाडचे भाषण यांत फरक कोणता, हे सांगण्याची भाषा आमच्यापाशी हवी. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणीत, केंद्रीय मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना दुर्गाबाई संमेलनाच्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याविषयी बोलल्या आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले; पुढे त्यांना अटक झाली. दोन्ही भाषणे आवेशपूर्ण आहेत, दोन्ही जाहीर आहेत. ‘आवेश’, ‘प्रचार’ या शब्दांनी त्यांत भेद करता येत नाही. भेद करायचा तर विचारावे लागते की, बोलण्याची किंमत कोण मोजतो, बोलणारा की ज्याच्याविषयी बोलले जाते तो. आणि त्या बोलण्यात ऐकणाऱ्याला उलट उत्तर देण्यास जागा ठेवलेली आहे की नाही. तात्याच्या हशात ती जागा नाही. दुर्गाबाईंच्या समोर तर उत्तर देण्यास समर्थ असे प्रत्यक्ष सरकार बसले होते. हे प्रश्न नैतिक आहेत तसेच संहितेच्या घडणीचेही आहेत: संबोधन कोणाला, सर्वनामे कोणती, प्रश्न खरा की आलंकारिक, विराम कुठे. म्हणजे ते समीक्षेचेच काम आहे. ते आम्ही केले नाही म्हणून भाषणाची पारख टाळ्या मोजणाऱ्यांच्या हाती गेली.

तेव्हा मागणी साधी आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘निबंधमाले’च्या शेजारी ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ लावावा. गाडगेबाबांचे कीर्तन आणि आंबेडकरी जलसा लोकसाहित्याच्या पुरवणीतून काढून गद्याच्या आणि नाट्याच्या मुख्य पत्रिकेत आणावेत. आणि ‘हे तर भाषण झाले’ हे वाक्य प्रबंधात आल्यास मार्गदर्शकाने समासात ‘मग पुढे?’ एवढे लिहावे. वक्तृत्वस्पर्धांचे काय करायचे ते शाळांनी ठरवावे. मी मात्र त्यानंतर परीक्षक म्हणून गेलेलो नाही. त्या मुलीच्या गावालाही, प्रामाणिकपणे सांगायचे तर, अजून गेलेलो नाही.